रात्रीची बंदूक की वाळीत टाकणं?

जमीनदाराने कुळाला घराबाहेर काढलेलं. पोलीस दार फोडणार, चूल विझवणार. १९व्या शतकातल्या आयरिश कुळापुढे मग दोन वाटा उरत.

एक जुनी: तोंडाला काळं फासून रात्री जायचं, धमकीची चिठ्ठी टाकायची, जनावरं जायबंदी करायची, कधी थेट गोळी. १८७८ मध्ये डोनेगलमध्ये लॉर्ड लीट्रिम या जमीनदाराचा खून झाला तो असाच संतापातून. दहशत बसे, पण सरकारला कडक कायद्यांचं निमित्तही मिळे.

दुसरी वाट १८८० ची, मेयो परगण्यातली. कॅप्टन बॉयकॉट हा लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. लोकांनी त्याला चक्क वाळीत टाकलं. (इंग्रजीतला ‘बॉयकॉट’ हा शब्द त्याच्याच नावावरून आला; आपल्याकडे ‘वाळीत टाकणं’ आधीपासूनच होतं!) मजूर येईनात, दुकानदार माल देईना, कपडे धुवायलाही कोणी नाही. शेतातले बटाटे, सलगम काढायला उत्तरेकडून ५० माणसं आणली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक-पोलीस. पीक ५०० पौंडांचं, खर्च अंदाजे १०,०००! डिसेंबरात साहेब आयर्लंड सोडून गेले.

मला दुसरी वाट जास्त धारदार वाटते. अर्थात तीही सोज्वळ नव्हती. बहिष्कार मोडणाऱ्या शेजाऱ्याच्या दारात रात्रीची माणसं येतच. पण कुळांना हक्क देणाऱ्या १८८१ च्या जमीन कायद्यामागे कुळांची हीच बहिष्काराची चळवळ होती.