रात्रीचा व्हिडिओ कॉल की रेकॉर्ड केलेली गोष्ट?

जोडीदार दोन-तीन आठवडे कामासाठी बाहेर, घरी दोन लहान मुलं आणि त्यांच्याबरोबर तुम्ही एकटे. दिवस कसाही निघतो, खरी कसोटी संध्याकाळी साडेसात ते नऊची. बाहेरच्यानं त्या वेळात मुलांना कसं भेटायचं, रोज व्हिडिओ कॉलवर की आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या गोष्टीतून, हे बॅग भरायच्या आधी ठरवावं. नंतर फोनवर ठरवायला गेलं की दोघंही दमलेले असतात आणि विषय भलतीकडेच जातो.

आधी कॉलची बाजू, कारण ती भक्कम आहे. समोरचा चेहरा उत्तर देतो, आणि हे कुठल्याच रेकॉर्डिंगला जमत नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २०१६ मध्ये १८ महिन्यांखालच्या मुलांना स्क्रीनपासून लांब ठेवायला सांगितलं, तेव्हाही व्हिडिओ कॉलला सूट दिली होती. तान्ह्या मुलासाठी म्हणूनच कॉल बरा.

फक्त तो नीट लावायला हवा. दोन वर्षांचं मूल फोनवर मान हलवून उत्तर देतं, खेळणं दाखवायचं म्हणून ते थेट कॅमेऱ्यावर टेकवतं आणि लाल बटण दाबून मोकळं होतं. फोन त्याच्या हातात देऊच नका. पुस्तकांच्या थप्पीला टेकवून जमिनीवर ठेवा, बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल असा. 'बोल ना, बोल' सुरू झालं की कॉल दोन मिनिटांत आटोपतो. त्यापेक्षा मागचा कॅमेरा लावून मुलं खेळताना नुसती दाखवली तर सहज दहा मिनिटं टिकतो. 'आज काय केलंस?' या प्रश्नाचं उत्तर 'काही नाही' हेच असतं. दुपारी एक ओळ पाठवून ठेवावी, 'निळ्या ट्रकचं मागचं चाक निघालंय.' मग कॉलवर पहिलाच प्रश्न 'चाक सापडलं का?' असा येतो आणि मूल ट्रक आणायला पळतं.

जोडीदार बोटीवर असेल आणि तिथलं इंटरनेट भूस्थिर उपग्रहावरचं असेल, तर गणित बदलतं. तो उपग्रह जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. बोललेलं पोचून उत्तर परत यायला किमान अर्धा सेकंद जातो. मोठी माणसं सांभाळून घेतात, पण चेहरा झाकून 'भोऽक' करण्याच्या खेळाचा पार बट्ट्याबोळ होतो.

आता माझं मत ज्या एका त्रासानं फिरलं, तो त्रास. कॉल नव्हे, कॉलची वाट.

एकट्यानं दोन मुलं झोपवताना हातात एकच हत्यार असतं, ते म्हणजे क्रम. जेवण, दात, कपडे, शू, गोष्ट, दिवा. एकामागून एक, थांबा न घेता. रात्रीचा कॉल या साखळीत शिरला की एक कडी दुसऱ्याच्या घड्याळावर जाते. बाहेरच्याची मीटिंग लांबते, निरोप येतो 'पाच मिनिटांत करतो'. ते खोटं नसतं, पण ती पाच मिनिटं वीस होतात. तेवढ्यात मोठं मूल दात घासायला तयार नाही, कारण 'आधी फोन येऊ दे'. धाकट्याची झोपेची वेळ टळते आणि ते पेंगायचं सोडून सोफ्यावर उड्या मारायला लागतं. थकवा हद्दीबाहेर गेला की लहान मुलं मंदावत नाहीत, पेटतात. घरात दोघं असले तर एक जण धाकट्याला आत नेतो, दुसरा मोठ्याबरोबर थांबतो आणि ती वीस मिनिटं जिरून जातात. एकटं असलं की कुठंच जिरत नाहीत, पुढं सरकत सरकत साडेदहापर्यंत पोचतात. सकाळी उठायची वेळ मात्र तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप हवी, दुपारची धरून. आठवड्यात तीन कॉल लांबले की ही बेरीज कोलमडते. शिवाय शेवटी फोन बंद करायचं आणि त्यानंतरचं रडणं झेलायचं कामही घरच्याच माणसाचं.

रेकॉर्डिंग वाट बघायला लावत नाही. दात झाले, कपडे झाले, बटण दाबलं. पण तेही कसंही केलं तर फसतं.

चार ते सहा मिनिटांचं असावं, आणि फक्त आवाज. चित्र असलं की अंधाऱ्या खोलीत उजेड होतो आणि मूल स्क्रीनवर बोट फिरवायला उठून बसतं. भरलेल्या कपड्यांच्या कपाटासमोर उभं राहून, फोन तोंडापासून वीतभर लांब धरून वाचा. आवाज घुमत नाही. घरात असलेलंच पुस्तक घ्या. पान संपलं की 'पलट' म्हणून मनात पाच मोजा, दोन वर्षांच्या बोटांना तेवढा वेळ लागतो. शेवटचं वाक्य प्रत्येक गोष्टीत तेच ठेवा.

दोन गोष्टी त्यात घालू नका. एक, 'शनिवारी येतो' असं आश्वासन. परतीची तारीख पुढे गेली की तेच खोटं रोज रात्री वाजतं. दुसरी, 'सांग बघू, हा कोण?' म्हणून सोडलेली जागा आणि त्यावर 'शाब्बास!'. दोन वर्षांच्याला मजा वाटते. चार वर्षांचं मूल मुद्दाम चुकीचं उत्तर देऊन बघतं, तरी 'शाब्बास' येतं, आणि त्या क्षणी रेकॉर्डिंगवरचा विश्वास उडतो.

तीन आठवड्यांना पाच-सहा गोष्टी पुरतात, मुलं तीच तीच मागतात. फाइल फोनमध्ये साठवून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लागोपाठ पाठवलेले आवाजी निरोप एकामागून एक आपोआप वाजतात, म्हणजे झोपलेल्या मुलाच्या कानाशी दुसरी गोष्ट सुरू होते. वाजवताना फोन एअरप्लेन मोडवर. निघण्याआधी एक-दोन रात्री, वाचणारा शेजारी बसलेला असतानाच, एकदा वाजवून दाखवा. नाहीतर पहिल्या रात्री नुसता आवाज ऐकून काही मुलं उलट बिथरतात. तसं झालंच तर त्या रात्री बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात ऐकवा.

म्हणून कॉल अजिबात नको, असं नाही. तो झोपेपासून तोडून सकाळी किंवा दुपारच्या खेळात न्यावा. तिथं वीस मिनिटं उशीर झाला तरी काही बिघडत नाही. दौरा तीन-चार दिवसांचाच असेल, किंवा बाहेरच्याची वेळ खरोखर त्याच्या हातात असेल, तर रात्रीचा कॉलही चालून जाईल. प्रत्येक मूल वेगळं, हे आहेच. पण लांबच्या दौऱ्यासाठी मला विचाराल तर दिवा मालवायची वेळ रेकॉर्डिंगकडेच असू द्या.

परत आल्याच्या पहिल्या रात्री मूल बहुधा शेजारी बसलेल्या माणसाला बाजूला सारून फोनवरचीच गोष्ट मागेल. लावून द्या. पानं उलटायचं काम तेवढं त्या माणसाकडे द्या.