प्रोबायोटिकची पुडी, टॅक्रोची गोळी: मिरज-सांगलीच्या काउंटरवरचा माल, किडनी बदललेल्यांसाठी तपासलेला

मिरज-सांगलीत कुठल्याही मेडिकलवर 'जुलाब होतायत' म्हटलं की तीनपैकी एक प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठी चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंचा माल, हातात पडतो: ५ मिलिची प्लास्टिकची कुपी, यीस्टची पुडी, नाहीतर लॅक्टोबॅसिलसची कॅप्सूल. धडधाकट माणसानं यातलं काहीही घेतलं तरी सहसा बिघडत नाही. हे परीक्षण मात्र एकाच गिऱ्हाइकासाठी आहे: किडनी किंवा लिव्हर बदललेला, टॅक्रोलिमस (टॅक्रो) आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेला रुग्ण. गिळलेल्या गोळीतलं किती औषध त्याच्या रक्तात पोचणार, हे ठरवण्यात आतड्यातल्या जंतूंचाही हात असतो, आणि ही गोष्ट तिन्हींपैकी एकाही पाकिटावर छापलेली नसते.

आधी यीस्टची पुडी, कारण तिचा निकाल सोपा आहे. हिच्यात सॅकरोमायसिस बोलार्डी हे जिवंत यीस्ट असतं. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाच्या रक्तात ते शिरलं तर बुरशीचा गंभीर संसर्ग होतो. युरोपच्या औषध नियामकांनी अशा रुग्णांना आणि मोठ्या शिरेत कॅथेटर (नळी) असलेल्यांना हे यीस्ट देऊच नये असं ठरवलं आहे. पुडी फाडली की पावडर हवेत उडते आणि बोटांना चिकटते, तिथून ती कॅथेटरच्या तोंडापर्यंत जाते. घरात नातवाला ही पुडी चालू असेल आणि आजोबांच्या मानेत डायलिसिसची नळी असेल, तर पुडी दुसऱ्या खोलीत फोडा आणि हात साबणानं धुऊनच आजोबांजवळ जा. पाचपैकी शून्य तारे.

कुपीत बॅसिलस क्लॉसी या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचातली झोपलेली रूपं, असतात, बहुतेक ५ मिलिमध्ये २ अब्ज. बीजाणूचं कवच टणक असल्यामुळे फ्रिज लागत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिघांत हीच टिकाऊ. पण आतड्यात गेल्यावर बीजाणू उगवतात, आणि दुर्बळ रुग्णांच्या रक्तात हा जंतू सापडल्याच्या नोंदी आहेत. कुपी दिसते इंजेक्शनसारखी, घ्यायची मात्र तोंडानंच; हलवून, पाण्यात किंवा दुधात मिसळून. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनी नाव लिहून दिलं असेल तर दोन तारे, काउंटरवरून आपणहून उचलली तर एकही नाही.

कॅप्सूलचं लेबल नीट वाचावं लागतं. अनेक ब्रँड औषध म्हणून विकलेच जात नाहीत. लेबलवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' अशी ओळ दिसली, की ते कायद्यानं अन्न. अशा मालात दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू हवेत. हा आकडा बनवतानाचा आहे की एक्सपायरीपर्यंतचा, ते बघा. 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच लिहून पुढे प्रजाती आणि स्ट्रेनचा (तिच्यातल्या नेमक्या वाणाचा) पत्ता नसेल, तर पाकीट परत ठेवा. '२ ते ८ अंश' लिहिलेला डबा दुकानात उघड्या फळीवर असेल, तर आत निम्मे तरी जिवंत असतील का, हा प्रश्नच आहे. आणखी एक खोच: बऱ्याच लॅक्टोबॅसिलसवर व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक मुळातच चालत नाही. संसर्ग झालाच, तर डॉक्टरांच्या हातातलं एक हत्यार आधीच बोथट. दीड तारा.

आता आतलं यंत्र. मायकोफेनोलेटचं शरीरात मायकोफेनोलिक आम्ल होतं, लिव्हर त्याला ग्लुकुरोनाइडची शेपटी जोडून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले जंतू बीटा-ग्लुकुरोनिडेज या एन्झाइमनं ती शेपटी कापतात, आणि सुटं झालेलं औषध पुन्हा रक्तात शोषलं जातं. डोस घेतल्यावर ६ ते १२ तासांनी रक्तात औषधाची दुसरी लाट दिसते, ती यामुळे. सर्दी-तापासाठी कोणी ऑगमेंटिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक सुरू केलं की कापणारे जंतूच मरतात, आणि पुढच्या डोसआधीची पातळी पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्यानं घसरू शकते. कोर्स संपल्यावर काही दिवसांत ती पूर्ववत होते, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मायकोफेनोलेटवर होणाऱ्या जुलाबांतही याच एन्झाइमचा हात धरला जातो, कारण मोठ्या आतड्यात सुटं झालेलं औषध अस्तराला झोंबतं. म्हणजे जुलाब गोळीचे असतील, तर पुडीनं ते थांबवायचा खटाटोप चुकीच्या जागी चाललाय.

टॅक्रोची गंमत उलटी. हे औषध मुळात जपानमधल्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जंतूनं बनवलेलं, आणि आपल्या आतड्यातले फीकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झीसारखे जंतू त्याचं एका कमजोर रूपात रूपांतर करतात. किडनी बदललेल्या रुग्णांवरच्या २०१५ च्या एका छोट्या अभ्यासात, ज्यांना डोस वाढवावा लागला त्यांच्या विष्ठेत हा जंतू जास्त सापडला. पण यापेक्षा मोठा झटका जुलाबांचा. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए हे एन्झाइम आणि पी-ग्लायकोप्रोटीन हा पंप मिळून बरंचसं टॅक्रो वाटेतच अडवतात. जुलाबांत हे अस्तर सोलवटलं की पहारा उठतो आणि पातळी वर जाते. हात थरथरणं, डोकेदुखी, वाढलेलं क्रिएटिनिन (किडनीवर ताण दाखवणारा रक्तातला आकडा) ही त्याची खूण. जुलाबात औषध 'वाहून जातं' हा समज टॅक्रोच्या बाबतीत उलटा पडतो, आणि त्या समजापोटी एक गोळी जास्त घेणं हे इथलं सगळ्यात महाग पडणारं चुकीचं पाऊल.

त्यामुळे पुडीच्या आधी लेव्हल, म्हणजे रक्तातल्या टॅक्रोची पातळी. रात्री ९ ला गोळी घेत असाल तर सकाळी ९ ला, सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचं. गोळी खिशात ठेवून जा, सुई निघाली की घ्या. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, कारण टॅक्रो तांबड्या पेशींत साठतं आणि अख्ख्या रक्तातच मोजतात. लॅब बदलली की पद्धत बदलते, आकडाही हलतो. म्हणून एकच लॅब धरा. जुलाब दिवसभर टिकले तर प्रत्यारोपणाच्या टीमला फोन करा, टॅक्रो लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन्ही विचारा, आणि ओआरएसची १ लिटरची पुडी पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घोळा. अर्ध्या पेल्यात अर्धी पुडी हा हिशेब चालत नाही. २०१९ आणि २०२१ सारखा कृष्णेचा पूर ओसरला की पाणी उकळण्यात अजिबात सवलत नाही.

दह्याबद्दल हमखास विचारतात. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध पुन्हा उकळून, स्वच्छ विरजणानं घरी लावलेलं ताजं दही बहुतेक टीम चालवून घेतात. पहिले काही महिने मात्र त्यांना विचारूनच. गोठ्यातल्या कच्च्या दुधाचं नको, त्यात ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे रोगजंतू असू शकतात. आणि तासगावकरांसाठी: टॅक्रोशी वाकडं आहे ते ग्रेपफ्रूटचं, आपल्या पपनसाच्या भावकीतलं फळ. पपनसही टाळायचं. नावातल्या 'ग्रेप'मुळे कित्येकजण द्राक्षं सोडून बसतात, त्याची गरज नाही. नीट धुऊन खा. सांगलीची हळद भाजीत चिमूटभर चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र नकोत, हळदीच्या अतिरेकानं टॅक्रोची पातळी चढल्याची नोंद आहे, आणि त्या कॅप्सूल विकायला असतात त्याच फळीवर, प्रोबायोटिकच्या शेजारी.