टेबलातल्या ओळीवरच दुरुस्ती: खरेदी केंद्राच्या मोबाइल ॲपचा वापरानंतरचा अनुभव

लातूर जिल्ह्यातील आमची शेतकरी उत्पादक कंपनी सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची खरेदी करते, आणि २०२५ च्या खरिपापासून या खरेदीची नोंदवही मोबाइल ॲपवर आहे. स्प्रेडशीटमधील (पुढे नुसते ‘शीट’) माहितीवरून, कोड न लिहिता ॲप तयार करून देणाऱ्या एका सेवेवर ते उभे केले आहे. त्या सेवेचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण येथे मला सेवांची तुलना करायची नसून एकाच सोयीबद्दल लिहायचे आहे: टेबलात दिसणारी ओळ, फॉर्म न उघडता, तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची सोय. ॲपशीट या अशाच एका सेवेत ती ‘क्विक एडिट’ या नावाने ओळखली जाते, इतरत्र तिला वेगळी नावे आहेत. आमच्या ॲपमध्ये ती सुरुवातीला बंद होती आणि टेबलाच्या सेटिंगमधील एका खटक्याने चालू झाली. माझे मत आधीच नोंदवतो. सोय उत्तम आहे, परंतु ती संपूर्ण टेबलाला सरसकट चालू करून देणे म्हणजे खरेदीची वही वजनकाट्यावर उघडी टाकून जेवायला जाण्यासारखे आहे. कोणता रकाना, कोणाच्या फोनवर आणि पट्टी (मालाच्या रकमेचा छापील हिशेब) निघण्याआधी की नंतर, या तीन गोष्टी ठरवल्या तरच तिचा उपयोग होतो.

या सोयीची गरज आम्हाला पावसाने दाखवून दिली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीत काढणीला आलेले सोयाबीन भिजले, आणि त्यानंतर केंद्रावर आलेल्या मालाचा सगळा व्यवहार ओलाव्याच्या आकड्याभोवती फिरू लागला. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनसाठी १२ टक्के ओलाव्याची मर्यादा असते (२०२४ च्या खरिपात केंद्र सरकारने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती), आणि आम्हीही तोच आकडा आधार धरून त्यावरील प्रत्येक टक्क्याला घट, म्हणजे कपात, लावतो. माल सोळा-सतराचा निघाला म्हणून कोणी ट्रॅक्टर परत वळवत नाही. शेतकरी आवारातच ताडपत्री अंथरून सोयाबीन पसरतो, दुपारचे ऊन देतो आणि चारच्या सुमारास येऊन “दादा, आता लावा की मीटर” म्हणतो. म्हणजे एकाच नोंदीचा ओलावा दिवसातून दोन-तीनदा बदलतो, वाळल्यानंतर वजन पुन्हा करावे लागते आणि कट्ट्यांची (पोत्यांची) संख्याही एखाद्याने कमी होते. कागदी वहीत हे आडवी रेघ मारून वर लिहिल्याने भागत असे. ॲपमध्ये मात्र ओळ उघडा, पेन्सिलीचे चिन्ह दाबा, लांबलचक फॉर्ममध्ये खाली सरकत ओलाव्याच्या रकान्यापर्यंत जा, आकडा बदला, सेव्ह करा, आणि टेबलात परत यावे तर यादी पुन्हा वरच्या टोकाला गेलेली, असा क्रम होता. ओळीवरच्या दुरुस्तीने हे सारे रकान्यावर बोट ठेवणे, आकडा टाकणे आणि पुढच्या ओळीकडे वळणे, एवढ्यावर आले. काट्यापुढे रांग असताना हा फरक किती मोठा असतो, हे ज्याने आवकेच्या दिवसांत पावत्या फाडल्या आहेत त्याला वेगळे सांगायला नको.

ज्यांना असे ॲप कोणाकडून लिहून घ्यायचे आहे त्यांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्यावी. टेबलात ‘एडिटिंग’ आहे, असे प्रोग्रामर सांगतो तेव्हा त्याच्या मनात अनेकदा भलतेच असते. आयफोनच्या प्रणालीत ‘यूआयटेबलव्ह्यू’ हा घटक २००८ पासून आहे आणि त्याला स्वतःची संपादन-अवस्था आहे. परंतु ती चालू केल्यावर मिळते ते ओळ काढून टाकण्याचे लाल चिन्ह, नवी ओळ घालण्याचे हिरवे चिन्ह आणि ओळी वर-खाली करण्याची मूठ. रकान्यातील आकडा बदलण्याची सोय प्रोग्रामरला स्वतंत्रपणे बसवावी लागते. अँड्रॉइडमध्ये २०१४ साली आलेल्या ‘रीसायकलरव्ह्यू’ला अशी तयार संपादन-अवस्थाच नाही, ओढणे आणि बाजूला सरकवणे हेही जोड-घटक वापरून बसवतात. खरेदी नोंदवहीला ओळ पुसण्याची सोय जवळजवळ कधीच लागत नाही, आकडा बदलण्याची रोज लागते. आम्ही तर बोटाने बाजूला सरकवून ओळ पुसण्याची सोय पूर्णपणे बंद ठेवली आहे, आणि रद्द झालेल्या नोंदीसाठी ‘रद्द’ असा वेगळा शेरा आहे.

प्रत्यक्ष वापरात सर्वांत जास्त त्रास दिला तो टेबलाच्या क्रमाने. आमचे टेबल ओलाव्याच्या उतरत्या क्रमाने लावलेले होते, कारण सर्वाधिक ओला माल वर दिसावा असे मापाड्यांना वाटत होते, आणि फॉर्मच्या काळात त्यात काहीच वावगे नव्हते. ओळीवरची दुरुस्ती सुरू होताच त्या क्रमाने गोंधळ माजवला. वरच्या ओळीत १६.४ चे १३.१ केले की ती ओळ त्याच क्षणी टेबलात खाली कोठे तरी जाई, तिच्या जागी दुसऱ्या शेतकऱ्याची ओळ येई, आणि त्याच जागी ठेवलेले बोट आता कट्ट्यांचा आकडा बदलू पाहत असे, तो दुसऱ्याच्याच नावावर. गाळणीचेही (फिल्टरचेही) तसेच होते: ‘तपासणी बाकी’ असलेल्या ओळीच दाखवणाऱ्या टेबलात स्थिती ‘झाली’ अशी केली की ओळ नाहीशी होई, आणि आपण टाकलेले वजन बसले की नाही हे पाहण्यासाठी दुसरे टेबल उघडावे लागे. यावरचा उपाय साधा आहे, फक्त तो कोठे लिहिलेला सापडत नाही. जो रकाना टेबलातच दुरुस्त होतो त्या रकान्यावर ते टेबल क्रमाने लावू नये, त्यावर गट पाडू नयेत आणि त्यावर गाळणीही लावू नये. आता आमचे टेबल आवकेच्या वेळेनुसार लागते, ती वेळ कोणीही बदलू शकत नाही, आणि ओला माल ओळखण्यासाठी १२ च्या वरचा आकडा लाल रंगात दिसतो. मापाड्यांना हवे होते ते याने साधले आणि ओळी जागच्या जागी राहिल्या.

दुसरा प्रश्न नावांचा. फोनच्या उभ्या पडद्यावर चार रकाने नीट दिसतात, पाचवा घातला की सगळेच आक्रसतात. आमच्या पहिल्या रकान्यात शेतकऱ्याचे नाव आडनावापासून लिहिलेले होते, आणि एकाच गावाचा माल आला की टेबलात ‘शिंदे ज्ञा…’, ‘शिंदे ज्ञा…’, ‘जाधव बा…’, ‘जाधव बा…’ अशी रांग दिसत असे. फॉर्म उघडला की वर पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक दिसायचा, त्यामुळे चूक तिथेच ध्यानात यायची. ओळीवर दुरुस्ती करताना ती खातरजमा नाहीशी होते. टेबलासाठी आम्ही एक स्वतंत्र रकाना तयार केला, त्यात पावती क्रमांकाचे शेवटचे तीन अंक, मग स्वतःचे नाव, मग आडनावाचे पहिले अक्षर, अशी मांडणी आहे. शेतकऱ्याच्या हातात पावती असतेच. तो क्रमांक सांगतो, मापाडी ओळ शोधतो. माझ्या मते ओळीवरची दुरुस्ती सुरू करण्याआधी कोणी एकच गोष्ट करणार असेल तर ती ही करावी.

पडद्याबद्दल थोडक्यात. आकड्यांसाठी कळफलक उघडला की तो पडद्याचा खालचा निम्मा भाग व्यापतो, आणि खालच्या ओळींवर काम करताना आपण लिहितो आहोत ती ओळच झाकली जाते. काही फोनमध्ये टेबल आपोआप वर सरकते, काहींत सरकत नाही. टचसाठी ॲपलच्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान ४४ पॉइंट आणि गुगलच्या तत्त्वांत किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, एवढी जागा सुचवलेली आहे. आमच्या ॲपमधील ‘दाट’ मांडणीत ओळी याहून बारीक होत्या, आणि सोयाबीनच्या धुळीने माखलेल्या अंगठ्याला त्या पुरत नव्हत्या. मोठ्या ओळींची मांडणी निवडल्यावर पडद्यावर ओळी कमी दिसतात, पण बोट शेजारच्या ओळीवर पडणे जवळपास थांबले.

आकड्यांच्या बाबतीत रकान्याचा प्रकार महत्त्वाचा ठरला. ओलाव्याचा रकाना जोपर्यंत साधा मजकूर होता तोपर्यंत मराठी कळफलकावरून ‘१३.१’ असे देवनागरी अंक येत आणि घटीचे सूत्र त्यांना संख्या मानत नसे. रकान्याचा प्रकार दशांश संख्या असा केल्यावर आकड्यांचाच कळफलक उघडू लागला. त्याला ५ ते ३० ही मर्यादाही घातली, कारण घाईत दशांश चिन्ह सुटले की १२.८ चे १२८ होते आणि घटीची रक्कम मालाच्या किमतीच्या वर जाते. फॉर्ममध्ये अशी चूक झाल्यास रकान्याखाली सविस्तर सूचना दिसते. टेबलात मात्र फक्त चौकटीला लाल किनार येते आणि मजकुराला जागाच नसते. नव्या मुलांना त्या किनारीचा अर्थ एकदा बसून समजावून सांगावा लागतो.

आता पैशाच्या रकान्यांकडे वळतो, कारण खरा निर्णय तेथेच आहे. दर, घट, हमाली आणि निव्वळ रक्कम हे रकाने आम्ही टेबलात दुरुस्तीसाठी कधीच खुले केले नाहीत. रक्कम तर सूत्रानेच निघते. परंतु वजन आणि ओलावा खुले असले की रक्कम मागच्या दाराने बदलतेच, आणि पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात गेल्यानंतर ॲपमधील वजन बदलले तर कागद आणि ॲप यांत तफावत पडते. म्हणून प्रत्येक खुल्या रकान्याला एक अट घातली आहे: पट्टी क्रमांकाचा रकाना रिकामा असेल तरच दुरुस्ती करता येईल. पट्टी निघाली की तीच ओळ करड्या रंगात जाते आणि बोट ठेवले तरी काहीही उघडत नाही. त्यानंतर बदल करायचाच असेल तर तो कार्यालयातून, फॉर्ममधून आणि कारण लिहूनच होतो. कारणाचा रकाना रिकामा ठेवून सेव्ह करता येत नाही. ही अट लिहायला दोन ओळींचे सूत्र पुरते. सेवेच्या मदत-पानांवर दुरुस्तीची सोय कशी चालू करावी हे चित्रांसह दाखवलेले असते, ती केव्हा आपोआप बंद व्हावी याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या दृष्टीने दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची आहे.

एकापेक्षा अधिक फोन असतील तर हीच दृष्टी माणसांनाही लावावी. आवारात नेटवर्क कधी असते, कधी नसते, आणि नसताना केलेले बदल फोनमध्ये साठून नंतर वर जातात. काट्यावरच्या फोनने वजन बदलले आणि मीटरवरच्या फोनने त्याच ओळीचा ओलावा बदलला, तर आमच्या ॲपमध्ये जो बदल नंतर पोहोचतो तो संपूर्ण ओळ घेऊन पोहोचतो आणि आधीच्याचे वजन जुन्या आकड्यावर जाऊ शकते. यासाठी वजनाचे आणि तपासणीचे टेबल वेगळे केले, दोन्हीत पावती क्रमांक समान ठेवला आणि प्रत्येक फोनला त्याचेच टेबल दुरुस्तीसाठी खुले ठेवले. दिसतात दोन्ही, बदलता येते एकच. हे करायला एक संपूर्ण दुपार गेली, पण तूर सुरू झाल्यापासून वजन मागे गेल्याची तक्रार आलेली नाही.

मागील आकडा शोधण्याची सोय आपल्याला स्वतः उभारावी लागते. टेबलात बदललेला आकडा लगेच सेव्ह होतो, ‘परत घ्या’ असे बटण नाही. शीटच्या इतिहासात पाहावे तर ॲपमधून आलेले सर्व बदल एकाच, म्हणजे ॲपच्या मालकाच्या, खात्यावर दिसतात. कोणत्या फोनवरून झाले हे कळत नाही. आम्ही वजन किंवा ओलावा बदलला की जुना आकडा, नवा आकडा, बदलणाऱ्याचे खाते आणि वेळ ही माहिती एका वेगळ्या शीटमध्ये आपोआप उतरेल अशी व्यवस्था केली. एखाद्या शेतकऱ्याने “सकाळी चौदा होता ना?” असे विचारले तर आता ती नोंद त्याच्यासमोर उघडून दाखवता येते, आणि या एका गोष्टीने काट्यावरची वादावादी जितकी कमी झाली तितकी दुसऱ्या कशानेही झाली नाही. वर्षानुवर्षे वहीवर काम केलेल्या आमच्या ज्येष्ठ मापाड्यांनाही ॲपमधील हाच भाग सर्वाधिक पटला. वहीतली रेघ मारलेली जुनी संख्या वाचता येत असे, तशी इथेही येते, एवढेच त्यांचे म्हणणे.

एक उणीव मात्र कायम आहे. दुपारनंतर बाजाराचा दर बदलला आणि ज्यांची पट्टी बाकी आहे अशा सर्व ओळींना नवा दर लावायचा असेल, तर ओळीवरची दुरुस्ती कुचकामी ठरते, कारण मोबाइलच्या टेबलात अनेक ओळी निवडून एकच आकडा सर्वांना देता येत नाही. ते काम आम्ही अजूनही कार्यालयातील संगणकावर, थेट शीटमध्ये करतो, आणि ते चालू असेपर्यंत काट्यावरच्या मुलांना फोन खाली ठेवायला सांगतो.