दोन डिस्कचा मिरर: एमडीएडीएम-एलव्हीएम की झेडएफएस?

घरच्या लिनक्स सर्व्हरवर दोन डिस्क मिरर करायच्या (दोन्हींवर एकच डेटा ठेवायचा) आणि जागा पुढे हवी तशी वाटता यावी, एवढीच गरज असेल तर निवड बहुधा दोन पर्यायांत होते. खाली एमडीएडीएम या लिनक्सच्या साधनाने बनवलेला रेड-१, म्हणजे मिरर, आणि वर एलव्हीएम (जागेचे हवे तसे ‘व्हॉल्यूम’ पाडणारा थर), किंवा थेट झेडएफएस या दोन्ही कामं करणाऱ्या फाइलसिस्टमचा मिरर पूल, म्हणजे डिस्कचा एकत्र साठा.

पहिली जोडी मला आजही भरवशाची वाटते. रेडचा ड्रायव्हर (एमडी) कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, त्यामुळे अपडेटची धास्ती नाही. दुसरी डिस्क हातात नसेल तर तिच्या जागी ‘मिसिंग’ लिहून एकाच डिस्कवर मिरर सुरू करता येतो. एलव्हीएमवर एक्सटी४ ही फाइलसिस्टम असेल तर व्हॉल्यूम लहानही करता येतो, मात्र अनमाउंट करून, आणि आधी फाइलसिस्टम, मग व्हॉल्यूम. क्रम चुकला की शेपटाकडचा डेटा कापला जातो. एक्सएफएस अशी आकसत नाही. एलव्हीएमच्या ग्रुपमधली (एकूण साठ्यातली) सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटू नका. साध्या स्नॅपशॉटला (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीला) मोकळी जागा लागते, आणि त्याला दिलेली जागा भरली की तो बाद होतो.

माझा कल झेडएफएसकडे वळला तो एकाच गोष्टीमुळे. एमडीचा ‘चेक’, म्हणजे दोन्ही प्रतींची पडताळणी, चालवला (डेबियन तो महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून चालवतं) की शेवटी ‘मिसमॅच काउंट’ हा आकडा मिळतो. समजा १२८ आला. दोन डिस्कवर काहीतरी वेगळं आहे, इतकंच त्यातून कळतं. कोणती फाइल, कोणत्या डिस्कवरची प्रत खरी, याचा पत्ता नाही. ‘रिपेअर’ दिला तर एक प्रत दुसरीवर लिहिली जाते, पण ती बरोबर होती की बिघडलेली, हे एमडीलाच ठाऊक नसतं, कारण चेकसम (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) नाहीत. त्यात मिररवर स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तर डिस्क ठणठणीत असूनही हा आकडा वाढू शकतो. म्हणजे घाबरायचं की नाही, हेही ठरवता येत नाही. खाली चेकसम ठेवणाऱ्या डीएम-इंटिग्रिटीचा थर घालता येतो, पण लिहिण्याचा वेग चांगलाच उतरतो.

झेडएफएसमध्ये प्रत्येक ब्लॉकला चेकसम असतो. ‘स्क्रब’मध्ये (पूलच्या पूर्ण तपासणीत) खराब प्रत सापडली की चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त होते, आणि चूक कोणत्या डिस्कवर झाली ते ‘झेडपूल स्टेटस’ या आज्ञेत दिसतं. दोन्ही प्रती गेल्या असतील तर फाइलचं नावही मिळतं. बॅकअपमधून तेवढीच परत आणायची. डिस्क बदलल्यावर फक्त भरलेली जागा कॉपी होते. एमडी ४ टीबीची डिस्क रिकामी असली तरी पूर्ण लिहितं. सेकंदाला १५० एमबी धरले तरी साडेसात तास.

वाढवतानाही फरक जाणवतो. दोन्ही डिस्क एकेक करून मोठ्या घातल्या की झेडएफएसला ‘ऑटोएक्सपांड’ चालू असणं पुरतं. एमडी-एलव्हीएमकडे आधी अ‍ॅरे, मग फिजिकल व्हॉल्यूम, मग लॉजिकल व्हॉल्यूम आणि शेवटी फाइलसिस्टम, असे चार थर ओळीने वाढवावे लागतात.

पूल बनवताना दोन गोष्टी सांभाळा. डिस्कची नावं ‘बाय-आयडी’चीच (डिस्कच्या ओळखीवरून पडलेली, न बदलणारी) द्या, आणि ‘अ‍ॅशिफ्ट’ १२ (म्हणजे ४ केबीचा सेक्टर) ठेवा. तो नंतर बदलत नाही. सगळ्यात महाग चूक म्हणजे ‘अटॅच’ या आज्ञेच्या जागी ‘अ‍ॅड’. एकट्या डिस्कचा मिरर व्हायच्या ऐवजी नवी डिस्क शेजारी जोडली जाते, आणि दोघींतली कोणतीही एक गेली की अख्खा पूल जातो. आधी इशारा मिळाला तर जबरदस्तीचा पर्याय वापरू नका.

झेडएफएसचा खरा त्रास कर्नलचा. झेडएफएसचं मॉड्यूल कर्नलच्या बाहेरून येतं. नव्या कर्नलवर ते बांधलं गेलं नाही तर रीबूटनंतर पूल दिसत नाही. डेटा जागच्या जागी असतो, जुन्या कर्नलने बूट करा. कॅशही रॅम भरपूर घेते, तिला मर्यादा घालता येते. तरी २ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर मी एमडीएडीएमच सुचवेन.

बीटीआरएफएस या आणखी एका फाइलसिस्टमचा रेड-१ वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क छान सामावून घेतो: ४, ४ आणि २ टीबीतून ५ टीबी. पण एक डिस्क गेली की ‘डिग्रेडेड’ हा पर्याय हाताने दिल्याशिवाय तो माउंट होत नाही, आणि सर्व्हर दूर कोपऱ्यात असेल तर हे अडचणीचं ठरतं.

मला पटलेली मांडणी मिश्र आहे. सिस्टम छोट्या एसएसडींच्या एमडी मिररवर, फोटो आणि कागदपत्रं झेडएफएसवर. ईएफआय पार्टिशनही (ज्यावरून मशीन बूट होतं) मिरर करायचं असेल तर त्या अ‍ॅरेला मेटाडेटा (रेडची स्वतःची नोंद) १.० प्रकारचा द्या. तो पार्टिशनच्या शेवटी बसतो, म्हणून फर्मवेअरला ते साधं पार्टिशनच दिसतं.