बालवाचनालयातला गोष्टींचा तास: चार महिन्यांचा अनुभव

पुण्यात आमच्या घराजवळच्या एका लहानशा बालवाचनालयात दर शनिवारी सायंकाळी गोष्टींचा तास भरतो, आणि गेले चार महिने मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीला तिथे नेत आहे. गोष्ट सांगणाऱ्या ताई ना आवाज बदलतात, ना बाहुल्या नाचवतात. त्यांचे सारे कौशल्य प्रश्न विचारण्यात आणि विचारून झाल्यावर गप्प राहण्यात आहे.

एका शनिवारी चिऊ-काऊची गोष्ट होती. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला काऊ दारात भिजतो आहे आणि चिऊ आत बाळाला अंघोळ घालते आहे, इथवर येऊन ताईंनी विचारले, “चिऊने दार उघडायला इतका वेळ का लावला असेल?” “ती दुष्ट आहे,” असे एक उत्तर लगेच आले. ताईंनी ते खोडले नाही आणि ‘शाब्बास’ही म्हटले नाही, “आणखी काय कारण असेल?” एवढेच विचारून त्या थांबल्या. मग कोणी म्हणाले की कावळा बाळाला चोच मारेल अशी तिला भीती वाटत असेल, कोणी म्हणाले की घर एवढेसे, त्यात काऊ मावणार कसा. शेवटी, तोवर एक शब्दही न बोललेल्या मुलाने विचारले, “उन्हाळ्यात मेणाचे घर वितळले, तर चिऊ कुठे जाईल?” उरलेला तास या प्रश्नावरच गेला, आणि काऊने तेव्हा दार उघडावे की नाही यावर मुलांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही.

या पद्धतीला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रांची पुस्तके वाचताना असे मोकळे प्रश्न विचारणाऱ्या पालकांच्या लहानग्यांची बोलीभाषा महिनाभरातच इतरांपेक्षा पुढे गेलेली आढळली. तो प्रयोग भाषेपुरता होता. अशा प्रश्नांनी मुलांची कल्पनाशक्तीही फुलते, हे मात्र माझे निरीक्षण आहे. आमची मुलगी पूर्वी “मग काय झाले?” असे विचारायची, आता “असे झाले नसते तर?” असे विचारते.

दोन गोष्टी मात्र खटकतात. वीस-पंचवीस मुले एकत्र असल्यामुळे बोलकी मुलेच बाजी मारतात आणि बुजऱ्यांची पाळी क्वचितच येते. दोन गट केले तर हे सहज टळेल. शिवाय शेवटची दहा मिनिटे सर्वांना एकच छापील चित्र रंगवायला दिले जाते. इतका वेळ स्वतःची चिऊ मनात रंगवलेल्या मुलांच्या हाती कोरा कागद का देऊ नये, हे मला खरोखर समजत नाही, आणि तसे मी ताईंना सांगितलेही आहे.

पालकांना मागच्या सतरंजीवर बसता येते, मात्र मुलांना उत्तर सुचवायला सक्त मनाई आहे. तो नियम पाळणे पहिल्या दोन-तीन शनिवारी मला फार जड गेले.