पायलटचा रेझ्युमे: झेरॉक्सच्या दुकानातला, विकतचा की घरी केलेला?

२०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने फ्लाइंग स्कूलसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यात बेळगाव होतं. तेव्हापासून विमानतळ असलेल्या सांबऱ्याच्या बाजूला शिकाऊ विमानांची घरघर सवयीची झाली आहे आणि खानापूर-निपाणीकडच्या घरांतही ‘पोरगा सीपीएल करतोय’ हे वाक्य ऐकू येतं. सीपीएल म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स. लायसन्स हातात आलं की एअरलाइनला पाठवायचा रेझ्युमे करायला तीन वाटा दिसतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. उड्डाणाचे दोनशे-सव्वादोनशे तास झालेल्या उमेदवाराने तो घरीच करावा, साधा आणि एकाच पानाचा.

झेरॉक्सच्या दुकानातला नमुना सगळ्यांनी पाहिलेला असतो. वर वडिलांचं पूर्ण नाव, मग जन्मतारीख, जात, उंची, छंद वाचन आणि क्रिकेट, खाली ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सहीची जागा. मुलगी पाहायला जाताना पाठवायच्या बायोडेटात एवढाच मजकूर असतो. उड्डाणाचे तास मात्र दुसऱ्या पानावर एका ओळीत: ‘टोटल २०० प्लस’. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे दिवसभर बँकेच्या परीक्षेची पोरं येतात. काम स्वस्तात आणि अर्ध्या तासात होतं, एवढाच फायदा.

विकतचा रेझ्युमे दिसायला देखणा असतो. दोन रंगीत कॉलम, कॉकपिटमधला गॉगल लावलेला फोटो, आणि ‘टीमवर्क’पुढे पाचपैकी साडेचार तारे. (ते साडेचार कुणी मोजले, हा प्रश्न राहतोच.) बहुतेक कंपन्या आधी ऑनलाइन फॉर्म भरून घेतात. तिथे अपलोड करताना असे कॉलम कधी कधी विस्कटतात आणि तास भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे करून देणाऱ्याने तुमचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, उघडलेलंच नसतं. ज्यांच्या गाठीला बरीच वर्षं एअरलाइनची नोकरी आहे आणि जे परदेशी कंपनीत अर्ज करतायत, त्यांनी मजकूर नीट मांडून घेण्यासाठी पैसे मोजले तर समजू शकतो. नवख्याने मोजू नयेत.

घरच्या रेझ्युमेत सगळा जीव तासांच्या तक्त्यात असतो. तो पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच यायला हवा. पीआयसी म्हणजे पायलट इन कमांड, विमानाची जबाबदारी तुमच्याकडे असलेले तास; ड्युअल म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबर शिकतानाचे. उदाहरणार्थ, तास:मिनिटांत: एकूण २०६:१५, पीआयसी १०४:३०, ड्युअल १०१:४५. शेवटचे दोन आकडे जोडा, बेरीज पहिल्याशी जुळते. सिंगल इंजिन १९१:०५ आणि मल्टि इंजिन १५:१०, हीही बेरीज तीच. वाचणारा माणूस नेमकं हेच करतो, मनातल्या मनात बेरीज मारतो. त्यामुळे २०६:१५ चे २०७ करायचे नाहीत आणि ‘सुमारे’ तर लिहायचंच नाही. क्रॉस कंट्री (लांब पल्ल्याचे), रात्रीचे आणि इन्स्ट्रुमेंटचे (फक्त उपकरणं पाहून उडवलेले) तास वेगळे दाखवा. सिम्युलेटरचे तास एकूणात मिसळू नका, त्यांना स्वतःची ओळ द्या. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, सीपीएलला १०० तास पीआयसी आणि १० तास इन्स्ट्रुमेंट मागते, तेव्हा हे आकडे तुमच्याकडे आहेतच, फक्त शोधायला लावू नका.

तक्त्याखाली सीपीएल, मल्टि इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग, आरटीआर (रेडिओवर बोलण्याचा परवाना), क्लास वन मेडिकल, प्रत्येकापुढे वैधतेची तारीख. शेवटचं उड्डाण कधी केलं तेही. आपल्याकडच्या पोरांना मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी सगळं येतं, ते एका ओळीत लिहा. इंग्रजीपुढे मात्र ईएलपीची (इंग्रजी भाषेच्या चाचणीची) लेव्हल हवी. शाळेतली वक्तृत्व स्पर्धा सोडून द्या.

अमेरिकेत शिकून आलेल्यांनी इथे जरा थांबावं. तिकडचं लॉगबुक दशांशात असतं. १.७ म्हणजे एक तास सत्तर मिनिटंही नाही आणि एक तास सात मिनिटंही नाही, १:४२ आहे. घाईत टाइप करताना हा घोटाळा हमखास होतो. दुसरं असं, की लायसन्स मिळालेला पायलट शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असताना स्वतः विमान चालवत असेल तर तिकडे तोच तास पीआयसी आणि ड्युअल अशा दोन्ही रकान्यांत जाऊ शकतो. मग दोन्हींची बेरीज एकूण तासांच्या वर जाते. डीजीसीएचं लायसन्स करून घेताना जे पीआयसी धरले गेले, तेच रेझ्युमेत लिहा. एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाचं, लायसन्स वेगळ्या ओळीत.

टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता) केलं असेल तर ए३२० किंवा एटीआर हे शब्द नावाच्या लगेच खाली यावेत. इन्स्ट्रक्टर म्हणून काम केलेल्यांनी मात्र दुसरं पान घ्यायला हरकत नाही, त्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं.

आता आपल्या भागातली खास कटकट. कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या मार्कशीटवर नाव बऱ्याचदा इनिशियलसह असतं, पासपोर्टवर तेच नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं पसरलेलं. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी, त्याआधीच्या कागदांवर बेलगाम. रेझ्युमेवर नाव लायसन्सवर आहे तसंच, अक्षरही न बदलता लिहा आणि जन्मस्थळ पासपोर्टप्रमाणे. पीडीएफच्या फाइललाही तेच नाव द्या, ‘फायनल न्यू २’ नको.