सयाजीबागेतील प्राणिपरिचय फेरी: चार तारे

वडोदऱ्याच्या सयाजीबागेतील या रविवारच्या मराठी फेरीचे शुल्क मला रास्त वाटले, कारण पिल्लाला पोटाशी घट्ट धरून बसलेल्या वानरीसमोर थांबवून मार्गदर्शक ताईंनी माणूस आणि वानर यांच्या संकराच्या प्रयत्नांचा इतिहास फार जबाबदारीने सांगितला. रशियन शास्त्रज्ञ इल्या इवानोव यांनी १९२७ मध्ये तीन चिंपांझी माद्यांवर मानवी वीर्याचे कृत्रिम रेतन केले. गर्भ राहिला नाही. २०२१ मध्ये माकडाच्या भ्रूणांत मानवी मूलपेशी (ज्यांपासून शरीरातील वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) घालून पाहण्यात आल्या. पुढेमागे प्राण्यांच्या शरीरात मानवी अवयव वाढवून ते रुग्णांना मिळावेत हा हेतू मला समजतो (माझ्या काकांचे डायलिसिस चालू आहे), तरीही वेदना जाणणारा जीव केवळ अवयवांसाठी जन्माला घालणे मला मान्य नाही. नेमका हाच प्रश्न ताईंनी घाईत उरकला, म्हणून एक तारा कमी.